तार लोंबायचं कुणी ठरिवलं हुतं?

दोनेक वर्षांपूर्वी बार्शीकडच्या एका गावात दहाव्याला गेलो होतो. लांबच्या नात्यातला मुलगा, वय एकोणीस. कडब्याच्या पेंढ्यांनी भरलेल्या ट्रॉलीवर बसून वस्तीवर निघाला होता. ओढ्याजवळच्या वळणावर विजेच्या तारेला झोळ पडला होता, ती तार त्याला लागली. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला काही कळायच्या आत सगळं संपलं होतं.

दहाव्याला आमच्याकडे प्रवचन असतं. बुवा चांगले होते, हे आधीच सांगतो. पाठांतर पक्कं, आवाज गोड, आणि घरच्यांना उगाच रडवायचं नाही एवढं भान. त्यांनी गीतेतला श्लोक घेतला: ‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’. जो जन्मला त्याचं मरण ध्रुव, म्हणजे न ढळणारं. बाकी सगळं चंचळ. पैसा, तारुण्य, नातीगोती, पाऊसपाणी, काही टिकत नाही. मरण तेवढं स्थिर, आणि त्याची वेळही सटवाईने पाचव्या रात्री कपाळावर लिहून ठेवलेली. मुलाचं आयुष्य तेवढंच होतं. तार निमित्त झाली.

पिंड ठेवले, कावळा शिवेना. मग नेहमीप्रमाणे एकेकाने शब्द द्यायला सुरुवात केली. बहिणीचं लग्न आम्ही लावून देऊ. आईला अंतर देणार नाही. ट्रॅक्टरचे हप्ते फेडू. तारेचं नाव कुणी काढलं नाही.

माझ्या मागे मुलाचा चुलता उभा होता. त्या तारेसाठी त्याने वीज कार्यालयात तीनदा अर्ज दिले होते. पोच घेतलेल्या झेरॉक्स तेव्हाही त्याच्या खिशात होत्या. कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला, “मरान ठरल्यालं आसंल, बुवा म्हणत्यात तर. पर तार लोंबायचं कुणी ठरिवलं हुतं?”

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती घुटमळतो आहे.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत याला ‘अशुभाची समस्या’ म्हणतात. देव दयाळू आहे, देव सर्वशक्तिमान आहे, आणि तरी जगात एवढं वाईट घडतं. यातलं काहीतरी एक सोडावं लागतं, आणि कुठलं सोडायचं यावर शतकानुशतकं वाद चालू आहे. पाश्चात्त्य विचारवंतांनी अशुभाचे दोन भाग केले: निसर्गातून येणारं आणि माणसाच्या करणीतून येणारं. आपल्या कुणब्याला ही विभागणी कुणी शिकवावी लागली नाही. त्याच्याकडे शब्दच होते, अस्मानी आणि सुलतानी. पाऊस पडला नाही, गारा पडल्या, टोळधाड आली, ती अस्मानी. फौज पिकातून गेली, जास्तीचा सारा बसला, ती सुलतानी. दोन्हींचा परिणाम एकच, चूल विझते. तरी शब्द दोन ठेवले, कारण एकीत आभाळाकडे बघायचं असतं आणि दुसरीत कुणाच्या तरी दाराशी जायचं असतं.

मला म्हणायचं आहे ते याच जोडशब्दातून निघतं. अस्मानी आणि सुलतानीमधली रेघ स्थिर नाही. ती सरकत आली आहे, आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने. काल जे आभाळातून पडत होतं त्यातलं बरंचसं आज कुणाच्या तरी टेबलावरून पडतं. पण ती रेघ कुठे आहे हे सांगण्याचा मान आपण ज्याच्या घरावर काहीच कोसळलेलं नाही त्यालाच देतो. तो सांगतो, सगळं अस्मानी होतं.

सरकणाऱ्या रेघेचा सगळ्यात ढळढळीत दाखला आपल्या भाषेतच पडला आहे. एका रोगाला आपण ‘देवी’ म्हणत होतो. अंगावर फोड उठले की देवी आल्या म्हणायचं. घरात मोठ्याने बोलायचं नाही, तिला राग येईल असं काही करायचं नाही, आणि मूल गेलं तर तिने नेलं. अशुभाच्या समस्येचं इतकं थेट उत्तर दुसऱ्या कुठल्या रोगाला मिळालं नसेल, कारण इथे रोग आणि देव यांत फटच ठेवली नव्हती. मुंबईत १८०२ च्या जूनमध्ये एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला १९७५ मध्ये. १९८० साली जगातून देवी गेल्या असं जाहीर झालं. पहिल्या लशीपासून देशातल्या शेवटच्या रुग्णापर्यंतची वर्षं मोजा, एकशे त्र्याहत्तर होतात. उपाय मुंबई बंदरात उतरलेला असताना या एवढ्या वर्षांत जी मुलं गेली ती कुणी नेली? १८०१ साली गेलेल्या मुलाची आई आभाळाकडे बघून रडली, तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. १९७४ मध्ये बिहारमधल्या मोठ्या साथीत गेलेल्या मुलाची आईही तशीच रडली असेल. रडणं सारखं, पण दोन्ही मरणं एकाच खात्यावर मांडता येत नाहीत.

लस टोचण्यालाही आपण ‘देवी काढणे’ म्हटलं, ही मला भाषेची खोडी वाटते. देवीला दंडावर दोन वण देऊन घराबाहेर काढलं, आणि तिचा मान राखल्यासारखंही केलं.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण महाराष्ट्रात माझ्या पिढीने ‘देवाने असं का केलं’ हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते तेव्हा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, रात्री उशिरा घरी येऊन लोक गाढ झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं जमीनदोस्त झाली. विसर्जनाच्या रात्रीच का, हा प्रश्न माणसाने विचारणं साहजिकच आहे. युरोपात १७५५ साली लिस्बनला भूकंप झाला तो सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना, आणि तिथल्या विचारवंतांनी पुढची कितीतरी वर्षं हाच प्रश्न चघळला. त्यात रूसोने व्हॉल्टेअरला लिहिलेल्या पत्रात एक साधी गोष्ट सांगितली होती. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं एका जागी निसर्गाने बांधली नव्हती.

किल्लारीची घरं सहा मजली नव्हती. बहुतेक बसकी होती आणि दिसायला भक्कम होती, हीच गोम होती. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावं, पावसात गळू नये म्हणून माळवदावर माती टाकायची, आणि गळायला लागलं की पुन्हा टाकायची. बापाने टाकलेल्या मातीवर मुलाने टाकलेली माती. घर जितकं जुनं आणि जितकं मातब्बर, तितकं डोक्यावर ओझं जास्त. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून फाकले आणि ते सगळं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हलक्या छपरांच्या झोपड्यांत राहणारे त्या मानाने वाचले.

हा शेवटचा तपशील पूर्वकर्मवाल्यांनी नीट बघावा. एरवी ज्याच्याकडे दगडी वाडा त्याचं पूर्वसुकृत मोठं, आणि जो गावाबाहेर झोपडीत त्याचं पाप मोठं, असा हिशेब गावोगाव मांडला जात होता. त्या पहाटे हिशेब उलटा झाला. मग कुणी म्हणालं, वाडेवाल्यांनी पाप केलं असणार. म्हणजे जे घडलं त्याला हा सिद्धांत लागू, आणि नेमकं उलट घडलं असतं तरी लागू. असं कुलूप, जे कुठल्याही किल्लीने उघडतं, ते दाराला लावण्यात अर्थ नसतो.

आता अस्मानी कुठे संपली ते बघू. जमिनीखालचा खडक सरकला, ही अस्मानी. तो कुणाच्या पापाने सरकला नाही आणि कुणाच्या पुण्याने थांबला नसता. पण किल्लारीच्या आसपास १९९२ च्या ऑगस्टपासून लहान धक्के बसत होते. ऑक्टोबरात तर एक चांगलाच जाणवण्यासारखा बसला होता. लोक घाबरले होते. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग पहिल्या क्षेत्रात होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. ते पहिलं क्षेत्र २००२ च्या सुधारित नकाशातून काढूनच टाकलं आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. भिंतीत काही हातांच्या अंतराने आरपार दगड घालायला, माळवदावरची माती उतरवायला कुणा परदेशी तज्ज्ञाची गरज नव्हती. ते ज्ञान जगात होतं, देशातही होतं. किल्लारीत पोचलं नव्हतं. ते का पोचलं नाही याचं उत्तर सटवाईला विचारून मिळणार नाही.

मी असं म्हणत नाही की कुणा एका अधिकाऱ्याने दहा हजार माणसं मारली. सुलतानी म्हणजे दर वेळी तलवार घेतलेला सुलतान नसतो. तो कधी नकाशातला रंग असतो, कधी यादी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला धड रस्ता नाही. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मातीतच राहिली आणि शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच सांगितलं. खुलासा म्हणून सांगितलं. म्हणजे जे वाक्य कबुलीजबाब म्हणून उच्चारायला हवं होतं ते बचाव म्हणून उच्चारलं गेलं. माळीण झालं होतं २०१४ च्या ३० जुलैला, तळीये २०२१ च्या २२ जुलैला. महिना तोच, डोंगर तोच सह्याद्री, शब्द तोच: निसर्गाचा कोप. जीवनात स्थिर असं काही आहे का, असं विचारणाऱ्याला हा शब्द दाखवावा.

कोपाचं हे वेड फक्त अडाण्यांना असतं असं समजू नये. १५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळ हादरले, मुंगेर-मुझफ्फरपूर ढासळले, हजारो माणसं गेली. गांधीजी तेव्हा दक्षिणेत अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण रवींद्रनाथांनी लेखी विरोध केला, आणि गांधीजींनी तो स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापला, हेही त्यांच्या थोरपणाला धरूनच. रवींद्रनाथांचं म्हणणं असं की भौतिक घटनांची कारणं भौतिकच असतात, आणि ही असली युक्तिवादाची रीत महात्माजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त शोभते. उद्या त्यांनी उलट गांधीजींनाच या कोपाला जबाबदार धरलं तर नवल नाही.

या वादात कोण बरोबर हे आज सांगायला नको. मला त्यात वेगळी गोष्ट खुपते. पाप कुणी केलं? हिंदू समाजाने, देशभर. शिक्षा कुणाला झाली? मुंगेरात त्या दुपारी छपराखाली होते त्यांना. त्यांत अस्पृश्यही असणार. ज्यांनी अन्याय सोसला त्यांनाच अन्यायाच्या शिक्षेत गाडणारा न्यायाधीश आपल्या तालुक्याच्या कोर्टातही चालला नसता.

आता कर्मसिद्धांताची बाजू. ती हलक्या हाताने झटकून टाकण्यासारखी नाही. ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप सरळ घेतलेला आहे: एकाला सुखी आणि एकाला दुःखी करणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरणार नाही का? ‘वैषम्यनैर्घृण्ये न’, म्हणजे पक्षपातही नाही आणि निर्दयपणाही नाही, असं उत्तर आहे. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो. साळीचं साळ उगवतं आणि जवाचं जव, ते बीजातल्या फरकाने. तसा ईश्वर सर्वांना समान, फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा. मग प्रश्न येतो, पहिल्या जन्मात फरक कुठून आला? उत्तर: पहिला जन्म असं काही नाही, संसार अनादि आहे. बांधणी भक्कम आहे. माक्स वेबरसारख्या परक्या अभ्यासकालाही या प्रश्नाला जगात दिल्या गेलेल्या उत्तरांत हे फार सुसंगत वाटलं होतं.

सुसंगत आहे, आणि तिथेच मला सावकाराची वही दिसते. थकबाकी तुमच्या नावावर आहे. कधी काढली ते विचारू नका, फार जुनी आहे. वही बघायला मिळणार नाही. अंगठा तुमचाच आहे, यावर विश्वास ठेवा. व्याज वसूल होताना दिसतंय ना, म्हणजे कर्ज असणारच. एकोणीस वर्षांच्या पोराच्या बापाला या वहीने काय सांगितलं? तुझ्या मुलाचं काहीतरी देणं होतं. ज्याचं गेलं त्यालाच देणेकरी ठरवणं ही या हिशेबाची किंमत आहे, आणि ती सुसंगततेच्या मानाने मला भारी वाटते.

सावकाराची वही म्हटली की तुकोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत, कारण त्यांच्या घरात खरोखरच वही होती. महाजनकी होती, देणंघेणं होतं. दुष्काळ पडला, सगळं गेलं. स्वतःच लिहिलंय: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ यात एक शब्दाची सजावट नाही. आणि याच माणसाने पुढे म्हटलं, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’

हा अभंग दुःखात सापडलेल्याला ऐकवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बघा, तुकोबांची बायको गेली तरी ते बरं झालं म्हणाले. पण समजा, १६३० च्या आसपास देहूच्या एखाद्या भरल्या पोटाच्या गृहस्थाने तुकोबांच्या ओट्यावर बसून त्यांना म्हटलं असतं, “तुकाराम, बायको अन्न अन्न करत मेली ते बरंच झालं, आता देवाचं नाव घे.” शब्द तेच, अर्थही तोच. तरी ते वाक्य तोंडात मारण्यासारखं झालं असतं. स्वतःच्या दुःखाचं माणूस काय वाटेल ते करू शकतो. त्याला शिक्षा म्हणेल, परीक्षा म्हणेल, प्रसाद म्हणेल. ती त्याची मालमत्ता आहे. दुसऱ्याच्या दुःखावर तीच पाटी लावणं हे अतिक्रमण आहे.

रामदासांचा श्लोक तर आपण शाळेत पाठ केला. ‘मना त्वांचि रे पूर्वसंचित केलें । तयासारिखें भोगणें प्राप्त झालें ॥’ म्हणताना एक अक्षर आपल्या कानावरून निसटतं. संबोधन कुणाला आहे? मनाला. आपल्याच मनाला. ‘शेजाऱ्या त्वांचि रे’ असं रामदासांनी कुठे लिहिलेलं नाही. प्रारब्ध हा शब्द व्याकरणाने प्रथमपुरुषी आहे, असं मला वाटायला लागलं आहे. ‘माझे भोग’ हे शहाणपण असू शकतं. ‘त्याचे भोग’ म्हटलं की तो निवाडा होतो, आणि निवाडा देणाऱ्याने पुरावा दाखवायला पाहिजे. तुकोबांनी, परंपरा सांगते, आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. कुळांना त्यांनी तुमचं प्रारब्ध म्हणून समजूत घातली नाही. स्वतःच्या बाबतीत ‘बरें जालें’ आणि दुसऱ्याच्या बाबतीत खत पाण्यात, हा क्रम आहे. आपण नेमका उलटा लावतो: आपला मुलगा आजारी पडला की मोठा दवाखाना, दुसऱ्याचा गेला की मोठा श्लोक.

हे फक्त सभ्यतेपुरतं नाही, ते राजकारण आहे, हे आंबेडकरांनी फार स्पष्ट बघितलं होतं. बुद्धावरच्या आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा विचार करताना त्यांनी विचारलं की या सिद्धांताचा उपयोग तरी कुणाला? उत्तर त्यांनीच दिलं: गरिबांच्या आणि तळाच्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यसंस्थेला आणि समाजाला टाळता यावी म्हणून. विजेची तार लोंबते आहे. तिला ‘निमित्त’ म्हटलं की तीन अर्ज आपोआप निकाली निघतात. फाईल बंद करायला इतका स्वस्त शेरा दुसरा नाही.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो. सगळंच सुलतानी म्हणायला लागलो तर प्रत्येक मरणाला आरोपी लागेल. लागतोच आहे. रुग्ण गेला की डॉक्टरची कॉलर धरायची, काचा फोडायच्या, ही रीत झाली आहे. नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या मागेही कुणाचा तरी हलगर्जीपणा शोधणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. दुःख सहन होत नाही तेव्हा राग सोपा वाटतो, आणि रागाला माणूस लागतो. बुवांचा श्लोक जितका आयता, तितकीच ही दगडफेकही आयती. दोन्हींत चौकशी टाळलेली असते.

आणि अस्मानी उरतेच. सहा वर्षांच्या पोरीला रक्ताचा कर्करोग होतो. कुणी तार लोंबती ठेवलेली नसते, कुठली यादी चुकलेली नसते. आज त्या रोगातून बरीच मुलं वाचतात, म्हणजे तिथेही रेघ सरकली. आणि जे वाचत नाही त्याच्या बापाला सरकलेली रेघ काय कामाची? त्याच्यासाठी माझ्याजवळ काही नाही. ईश्वर असेल तर त्याने उत्तर द्यावं. मी त्याचा वकील होणार नाही आणि त्याच्याविरुद्ध त्या बापाच्या खांद्यावरून बंदूकही चालवणार नाही. अशा घरी गेल्यावर गप्प बसावं, चहा ठेवायला मदत करावी, हे मला हळूहळू कळलं. ‘देव चांगल्या माणसांना लवकर नेतो’ म्हणू नये. ऐकणारी आई चांगली असते आणि तिला ठेवलेलं असतं.

‘काहीच स्थिर नाही, हेही दिवस जातील’ हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी धीर वाटतो. अनित्यतेचा हा विचार बुद्धाचा म्हणून सांगितला जातो. पण बुद्धाचे शेवटचे शब्द म्हणून पाली परंपरेने जे जपले त्याचा अर्धाच भाग आपण उचलतो. घडवलेल्या सगळ्या गोष्टी क्षय पावणाऱ्या आहेत, हा पहिला अर्धा. अप्रमादाने आपलं काम तडीस न्या, हा दुसरा. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणं. तारेचा ताण कमी होत जातो, खांब कलतात, भिंतीतली माती सुटते, डोंगराचा उतार भिजून सैल होतो. काहीच टिकत नाही हे ज्याला खरोखर पटलं तो दर पावसाळ्याआधी तारा तपासायला माणूस पाठवील. अनित्यता म्हणजे देखभालीचं वेळापत्रक आहे, असं म्हटलं तर भिक्खू रागावतील का? मला वाटत नाही.

प्रथमपुरुषाचा जो नियम मी मघाशी मोठ्या आत्मविश्वासाने मांडला, त्याला एक ठिकाणी तडा जातो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे. आपण मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली, म्हणून हा जन्म मिळाला, असं त्यात म्हटलं आहे. ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वीचें हें फळ ॥’ हे प्रथमपुरुषीच आहे. मग माझ्या नियमाने ते शहाणपण ठरतं का? इथे माझी जीभ अडते. कारण ते वाक्य त्यांच्या तोंडी असलं तरी त्यांच्या घरातलं नाही. ‘त्याचे भोग’ असं बाहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हणत राहिले की एक दिवस माणूस ‘माझे भोग’ म्हणायला लागतो. निवाडा ऐकून ऐकून कबुली होते.

त्याच घरात पुढच्या पिढीला ती कबुली मान्य नव्हती. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. नावातच कर्म आहे, आणि तो विचारतो: ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’ इथे पूर्वसंचित नाही, कृष्णाची निंदा नाही. ‘केली’ हे क्रियापद आहे, म्हणजे कर्ता आहे, आणि त्याला नावाने हाक मारलेली आहे. अशुभाची समस्या मराठीत इतक्या थोड्या अक्षरांत यापूर्वी कुणी मांडली असेल तर मला माहीत नाही. बुवांच्या प्रवचनात हा अभंग मी अजून ऐकलेला नाही.

चोखोबा गेले ते मंगळवेढ्यात, १३३८ साली. गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं, वेठीला महार धरून आणले होते, भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली सापडले. भिंत पडली ही अस्मानी म्हणा हवं तर. वेठीला कुणी धरलं होतं? ज्या गावकुसाच्या आत राहायची त्यांना मनाई, तेच कूस बांधताना ते गेले. परंपरा सांगते की नामदेव मंगळवेढ्याला गेले आणि ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावत राहिले. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली, पंढरपूरला आणली, महाद्वारासमोर समाधी बांधली. देवळाच्या बाहेर. आत जायला त्यांच्या लोकांना १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी उपोषणाला बसल्यावर.

मी ही कथा लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्या हाडांतून येणाऱ्या नामाचंच कौतुक करत आलो. दहाव्यावरून परत येताना एसटीत पहिल्यांदा लक्षात आलं की नामदेवांनी कान लावून जी खाली ठेवली, ती हाडंही कुणाची तरी होती. त्या दिवशी भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. बाकीच्यांच्या हाडांतून काय ऐकू येत होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.